आजार खरा मानून सुरू होणारी थेरपी : ल्युपस असलेल्या एका बाईचा अभिप्राय

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांच्या अंगात आज लांबलचक वाचायची ताकद नाही त्यांची सोय होईल. ल्युपस, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, जोग्रेन, स्क्लेरोडर्मा, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) यांपैकी कुठलाही ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा आजार, असलेल्या बाईने थेरपी घ्यावी का? घ्यावी. पण कुणाकडेही जाऊन नाही, आणि आजार बरा होईल या आशेवरही नाही. आजारपणात स्वतःबद्दलचं मत जे घसरत जातं ते सावरण्यासाठी घ्यावी. तेवढ्यासाठी मला ही सेवा फार मोलाची वाटली. काही बाबतींत ती कमी पडली, तेही खाली लिहिलं आहे.

मी साधारण वर्षभर जाते आहे. ऱ्हुमॅटॉलॉजी, म्हणजे सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांच्या विभागाला जोडलेली मानसोपचाराची सोय आहे ही. थेरपिस्टबरोबर एकटीची सेशन्स असतात आणि त्यासोबत ऑटोइम्यून आजार असलेल्या बायकांचा एक गट चालतो. नाव मुद्दामच देत नाही, कारण कुठेही अशी सोय शोधताना काय पाहावं एवढंच मला सांगायचं आहे.

माझं थोडक्यात सांगते. मी गणित शिकवते आणि मला ल्युपस आहे. निदान व्हायच्या आधी बराच काळ सांधे दुखायचे, केस पुंजक्याने गळायचे, उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठायचे, संध्याकाळी कणकण वाटायची, आणि जाईन तिथे 'टेन्शन घेऊ नका' हेच ऐकायला मिळायचं. ल्युपसच्या दर १० रुग्णांमध्ये साधारण ९ बायका असतात. जोग्रेनचंही तसंच. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस बायकांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. म्हणजे समोर येणारी बहुतेक वेळा बाईच असते आणि तिची तक्रार डोळ्यांना दिसणारी नसते. थकवा दिसत नाही, दुखणं दिसत नाही. मग 'मनाला फार लावून घेते' असं म्हणून मोकळं होणं सोपं पडतं. एएनए आणि अँटी-डीएसडीएनए या रक्ताच्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. निदान आता कागदावर तरी आलं होतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी थेरपिस्टना भेटा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा का आला ते कळावं. फिरून पुन्हा 'मनाचंच आहे' इथेच आणून सोडणार असं वाटलं. त्यात एक आधीचा अनुभव गाठीला होता. दुसऱ्या एका ठिकाणी मला एका समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की तुम्ही आयुष्यभर राग आत दाबलात, त्यामुळे शरीर स्वतःवर उलटलं. माफ करायला शिका, शरीर आपोआप सावरेल. मी घरी येऊन कुणाकुणाला माफ करायचं राहिलंय याची यादी करत बसले होते. ताणामुळे आजार उसळू शकतो, हे खरं आहे. पण माझ्या स्वभावाने मी हा आजार ओढवून घेतला, हे कुठल्याही तपासणीत लिहिलेलं नाही, आणि ते ऐकल्यावर बाईचं स्वतःबद्दलचं उरलंसुरलं मतही जातं. सांधे दुखतात ते दुखतातच, वर ते आपल्याच चुकीने दुखतात असं वाटायला लागतं. असं बोलणारा थेरपिस्ट भेटला तर दुसऱ्या सेशनला जाऊ नका. मी गेले नाही.

इथे सुरुवातच वेगळी झाली. थेरपिस्ट मॅडमनी मूड कसा असतो हे विचारायच्या आधी प्रेडनिसोलोन, म्हणजे माझं स्टिरॉइड, किती मिलिग्रॅम चालू आहे ते विचारलं. कधी वाढवलं, कधी कमी केलं, सकाळी घेता की रात्री, आणि झोप त्याआधी बिघडली की त्यानंतर. तारखा लिहून घेतल्या. मी कारण विचारलं तर त्यांनी नीट समजावलं, की स्टिरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते, काहींना विनाकारण उत्साह चढतो, काहींना रडू येत राहतं, आणि दिवसाचा डोस ४० मिलिग्रॅमच्या वर गेला की मानसिक त्रासाचं प्रमाण वाढतं, हे १९७२ सालापासून नोंदलेलं आहे. शिवाय ल्युपस मेंदूलाही त्रास देऊ शकतो. अचानक गोंधळल्यासारखं होणं, भास होणं, फिट येणं, स्वभाव एकाएकी बदलणं असं काही झालं तर पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तरी तसंच. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तयार होणं मंदावलेलं असतं आणि एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. हे सगळं एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या तोंडून ऐकत होते मी! त्यांनी माझ्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टशी बोलायची लेखी परवानगी मागितली आणि खरोखर बोलल्या. माझ्या लेखी या सेवेचा सगळ्यात मोठा गुण हाच. मनाकडे बघणाऱ्या माणसाला माझ्या रक्ताचे रिपोर्ट ठाऊक आहेत.

मग प्रश्नावली. पूर्वी कुठेतरी मी नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ भरली होती. त्यात ९ प्रश्न असतात. त्यातले झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचाल मंदावणं हे पाचही मला ल्युपस आणि औषधांमुळे तसेच 'हो' येतात. म्हणजे त्या दिवशी मन ठिकाणावर असलं तरी कागदावर मी नैराश्याची रुग्ण ठरणार. मॅडमनी ती प्रश्नावली बाजूला ठेवली आणि हॅड्स नावाची दुसरी दिली. १९८३ सालची आहे ही, १४ प्रश्नांची. ७ चिंतेचे, ७ नैराश्याचे. शारीरिक आजार असलेल्यांसाठीच बनवलेली असल्यामुळे थकवा आणि झोप यांसारखी शारीरिक लक्षणं तिच्यात मुद्दाम घेतलेली नाहीत. 'आवडत्या गोष्टीत अजून मजा येते का' अशा धर्तीचे प्रश्न. कुठल्याही भागात ८ किंवा त्याहून जास्त आलं की लक्ष द्यायचं. माझं चिंतेचं माप चांगलंच वर आलं, नैराश्याचं काठावर. मला खूप बरं वाटलं. आजार एका पारड्यात आणि मन दुसऱ्या पारड्यात अशी पहिल्यांदाच कुणीतरी वेगळी मोजदाद केली होती.

तिसरा कागद रोझेनबर्गचा. आत्मसन्मान मोजायला १९६५ पासून वापरतात, फक्त १० विधानं. त्यात कधी कधी आपण अगदी निरुपयोगी आहोत असं वाटतं का, या अर्थाचं एक विधान आहे. त्यावर मी इतक्या जोरात खूण केली की पेन कागदात रुतलं. मॅडमनी बाकीची ९ विधानं त्या दिवशी तशीच ठेवली.

पुढची बरीच सेशन्स या एका विधानावर गेली, आणि मी लिहायला बसले तीही त्याचमुळे. दीर्घ आजारात बाईच्या मनाचं काय होतं, यावर सगळे 'सकारात्मक राहा' म्हणतात. मॅडम एकदाही तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ज्या दिवशी तुम्ही कुणाच्याच कामी आला नाहीत, त्या दिवसाचे मार्क किती द्याल?" मी म्हटलं, शून्य. "आणि तुमची मुलगी तापाने दिवसभर पडून राहिली, तर तिला?" मला राग आला. मुलीचा काय संबंध, ती लहान आहे, असं काहीतरी मी तावातावाने बोलले. त्यांनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, "किती वयानंतर मार्क कापायला सुरुवात करायची, ते ठरवून या."

मी आठवडाभर ठरवत होते. दहाव्या वर्षी? अठराव्या? लग्न झाल्यावर? कुठलंच वय पटेना. गणित शिकवणाऱ्या बाईला नियम सगळीकडे सारखा लागू झालेला लागतो, आणि हा नियम फक्त एका व्यक्तीला लागू होत होता. मला जे वाटत होतं ते कमी झालं का? लगेच नाही. पण ते सत्य आहे ही खात्री तिथून हलायला लागली.

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (सीबीटी) म्हणतात ती हीच. १९६० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी तिची मांडणी केली. विचार पकडायचा, त्याचा पुरावा तपासायचा, आणि नुसता वाद न घालता तो प्रत्यक्षात करून बघायचा. शेवटचा भाग मला सगळ्यात उपयोगी पडला. सकाळी माझी बोटं तास-दीड तास ताठ असतात, खडू धरवत नाही. पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना अक्षर वेडंवाकडं यायचं आणि मी पाठमोरी उभी राहून ते झाकायचे. मॅडमनी कागदावर लिहायला लावलं: खडू दुसऱ्याच्या हातात दिला तर काय होईल, आणि त्याची खात्री किती टक्के? मी लिहिलं, 'मुलं कुजबुजतील, वर्ग हातातून जाईल, मी शिक्षिका म्हणून संपले असं त्यांना वाटेल. ८० टक्के.' मग करून बघायचं. मी वर्गात सांगितलं, "माझी बोटं सकाळी दुखतात. आज मी सांगणार, तुमच्यातलं कुणीतरी लिहिणार." मागच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेर बघणारा मुलगा पहिला उठला. वर्गसमीकरण सोडवताना त्याने चिन्ह चुकवलं आणि अख्खा वर्ग ओरडून त्याला सुधारायला लागला. माझा तास इतका जिवंत कितीतरी दिवसांत झाला नव्हता. कागदावरच्या ८० शेजारी मी नंतर १० लिहिले. पूर्ण शून्य नाही लिहिलं, कारण दोन मुली खरोखरच कुजबुजल्या होत्या.

चेहऱ्याचं काम जास्त अवघड गेलं. प्रेडनिसोलोनने चेहरा गोल होतो, मून फेस म्हणतात त्याला. त्यावर ल्युपसचा चट्टा, नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा पसरलेला. भांग रुंदावलेला. भेटणारी माणसं 'तब्येत छान झालीये' म्हणायची, आणि मी आरशात बघणं सोडलं होतं. केस विंचरायचे ते अंदाजाने. फोटोत उभं राहायची वेळ आली की मी फोटो काढणारी व्हायचे.

यावर 'तुम्ही सुंदरच आहात' असं कुणी म्हणालं असतं तर मी उठून गेले असते. मॅडमनी हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "चेहऱ्याचं वर्णन करा, पण नकाशाचं करतात तसं. चांगलं-वाईट काही बोलायचं नाही." मी सुरू केलं, "गाल बेढब..." त्यांनी थांबवलं. "बेढब हे मत झालं. आकार सांगा." गाल गोल. कानापर्यंत सलग. डाव्या गालावर लालसर भाग, कडेला फिकट. नाकाच्या शेंड्यावर तीळ, आधीपासूनचा. भुवया दाट. उजव्या डोळ्याखाली एक सुरकुती, आईसारखी. तिथपर्यंत आले आणि घसा दाटला. आईसारखं माझ्यात काही उरलंय, हे त्या गोल चेहऱ्याकडे बघताना कधी लक्षातच आलं नव्हतं. हाच सराव घरी करायचा होता, रोज थोडा थोडा. शरीराबद्दलच्या प्रतिमेवर काम करणाऱ्या थेरपीत हे तंत्र वापरतात. डोस उतरल्यावर चेहरा काही महिन्यांनी बराच ओसरतो, तसा माझाही ओसरला. पण मी फोटोत उभी राहायला लागले ती त्याच्या आधी.

आता थकव्याबद्दल. ऑटोइम्यून आजाराचा थकवा झोप काढून जात नाही, हे ज्यांना आहे त्यांना माहीत आहे. बरं वाटलं त्या दिवशी मी साठलेली सगळी कामं उरकायचे, आणि मग दोन-तीन दिवस अंथरुणावर. थेरपीत डायरी भरायला दिली, तासागणिक रंग भरायचे: जास्त ताकद लागणारं, कमी लागणारं, विश्रांती, झोप. पहिल्या आठवड्याची माझी डायरी भडक रंगाचे पट्टे आणि मधे नुसती झोप अशी दिसत होती. विश्रांतीचा रंग जवळजवळ नव्हताच. कारण विश्रांती कमवावी लागते असं मी धरून चालले होते. आधी काम संपवायचं, मग बसायचं. थकण्याआधी बसणं म्हणजे आळस. इथे पुन्हा तो रोझेनबर्गच्या कागदावरचा निरुपयोगीपणा निघाला. तासाभराने दहा मिनिटं बसणं ही युक्ती सोपी आहे, पण ती करताना जी शरम वाटते तिच्यावर काम केल्याशिवाय ती टिकत नाही. थकव्यावरच्या नुसत्या माहितीपत्रकांत हेच राहून जातं.

याला संशोधनाचाही आधार आहे. ब्रिटनमध्ये रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांसाठी ऱ्हुमॅटॉलॉजीच्या नर्स आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी सीबीटीच्या पद्धतीने गटात शिकवलं. या अभ्यासाला राफ्ट म्हणतात आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. थकव्याचा जाच कमी झाला आणि तो फरक दोन वर्षांपर्यंत टिकला. ल्युपसबाबत २०१० साली स्पेनमधून एक छोटा अभ्यास आला, ४५ रुग्णांचा. सीबीटी घेतलेल्यांची चिंता, नैराश्य आणि रोजचा ताण कमी झाला. रक्तातल्या रोगप्रतिकारशक्तीच्या मापांत मात्र फरक पडला नाही. मला हा दुसरा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो. थेरपीने माझ्याही अँटीबॉडी हललेल्या नाहीत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसचं औषध चालू आहे, त्यासाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही चालू आहे. कुणी थेरपीच्या जोरावर औषध सोडायला सांगत असेल तर तिथून निघा.

गटाबद्दल सांगायचं तर मी नाखुशीनेच गेले होते. दुसऱ्यांची दुखणी ऐकून आपण आणखी खचू, ही माझी शंका. तसं झालं नाही, कारण गट चालवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला: कुणाचा आजार मोठा ही तुलना करायची नाही, आणि औषधांचे सल्ले एकमेकींना द्यायचे नाहीत. एक जोग्रेन असलेल्या ताई होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच येत नाही. आजाराने अश्रुग्रंथी सुकल्या आहेत. घरात मृत्यू झाला तेव्हा त्या कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या आणि माणसं त्यांना दगडाच्या काळजाची म्हणाली. त्या हे सांगत असताना थेंबांची बाटली काढून डोळ्यांत दोन दोन थेंब घालत होत्या, आणि ते थेंब गालांवरून ओघळले. "आता दिसतंय का रडताना?" त्यांनी विचारलं. शेजारच्या ताईंनी काही न बोलता त्यांचा हात धरला. त्या स्क्लेरोडर्माच्या होत्या, त्यांची बोटं वाकत नाहीत, त्यामुळे हात धरायचा म्हणजे दोन्ही तळव्यांमध्ये घ्यायचा.

एकट्या सेशनमध्ये जे मला महिनोन्‌महिने पटत नव्हतं ते तिथे लवकर पटलं. त्या ताई मला क्षणभरही निरुपयोगी वाटल्या नाहीत. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेचे तीन भाग मांडले, त्यातला एक म्हणजे हे दुःख आपल्या एकटीचं नाही याची जाणीव. पुस्तकी वाटणारी ती गोष्ट त्या खोलीत प्रत्यक्ष समोर बसलेली होती.

गटात एक विषय ताईंनी स्वतःहून काढला, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे: नवरा-बायकोतलं जवळचं नातं. कोरडेपणा, सांध्यांच्या दुखण्याने जवळ घेतलेलंही सोसत नाही, आणि त्यामुळे मनात बसलेली अपराधीपणाची भावना. डॉक्टर विचारत नाहीत, आपण बोलत नाही. तसंच मूल होण्याचं. मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असताना गर्भधारणा टाळावीच लागते. पण ल्युपस असूनही, आजार निदान सहा महिने शांत असताना आणि औषधं आधीच बदलून घेऊन, अनेक बायकांची बाळंतपणं नीट पार पडतात. गटातल्या एका तरुण मुलीला 'तू आई होऊच शकणार नाहीस' असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून सांगितलं होतं. तिला योग्य डॉक्टरांकडे पाठवलं गेलं. तिचा पुढचा निर्णय तिचा आहे, तो इथे लिहिण्याचा मला हक्क नाही.

आता जे खटकलं ते.

सेशन रद्द करायचं तर २४ तास आधी कळवा, नाहीतर ते धरलं जाईल, हा नियम. फ्लेअर, म्हणजे आजाराची उसळी, आदल्या दिवशी कळवून येत नाही. आजारी बायकांसाठीच असलेल्या सेवेत असा नियम ठेवणं चूक आहे, आणि तो पाळता न आल्यावर जे वाटतं ते नेमकं ज्यावर आपण उपचार घेतोय तेच. मी हे लिहून दिलं. बऱ्याच जणींनी दिलं असावं, कारण आता सकाळी फोन करून तेच सेशन ऑनलाइन करता येतं. ही सवलत आधीपासून हवी होती.

डायरीचे छापील कागद: चौकोन इतके बारीक की ताठ बोटांनी त्यात रंग भरणं हीच शिक्षा. मी शेवटी मोबाइलवर आवाजात नोंदी केल्या. बसायच्या खोलीत मोठी खिडकी आणि गटाच्या खुर्च्या तिच्याच समोर. ल्युपसला ऊन चालत नाही हे विभागाला सांगावं लागू नये. पडदा लागला, पण मागितल्यावर.

माइंडफुलनेसच्या, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या भागाबद्दल माझं मत मिश्र आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सुरू केलेला ८ आठवड्यांचा जो कार्यक्रम आहे त्यातले सराव इथे घेतात. श्वासाचा सराव मला जमला. पण बॉडी स्कॅन, म्हणजे पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेणं, आजार उसळलेला असताना मला मुळीच सोसलं नाही. प्रत्येक सांध्यापाशी थांबायचं म्हणजे प्रत्येक दुखण्याची हजेरी घ्यायची. सरावाच्या बाईंनी 'थोडं टिकून राहा' असा आग्रह धरला, तो धरायला नको होता. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी शरीराऐवजी आवाजांकडे लक्ष द्यायचा सराव दिला, तो अजून करते. गटातल्या काही जणींना बॉडी स्कॅनच आवडतो, तेव्हा करून बघा, पण नाही म्हणायची मोकळीक आधी मागून घ्या.

आणि घरच्यांसाठी फक्त एक सेशन. हे फार कमी आहे. त्या एका सेशनमध्ये नवरा म्हणाला, "अगं, तू 'ठीक आहे' म्हणतेस, मी काय समजू?" मी म्हटलं, "मी ठीक नाही म्हटलं की तुझा चेहरा पडतो, म्हणून म्हणते." मॅडमनी आम्हा दोघांना त्रासाचा आकडा ठरवायला सांगितला, शून्य ते दहा, बाकी स्पष्टीकरण नाही. आता तो घरात आला की "किती?" एवढंच विचारतो. सात म्हटलं की दिवाबत्तीपासून मुलीच्या अभ्यासापर्यंत सगळं तो बघतो, आणि मी माफी मागत नाही. एका तासात एवढं निघालं, तर चार तासांत किती निघालं असतं. मुलीला तर या सगळ्यात कुठेच जागा नव्हती. तिला आईच्या आजाराबद्दल काय वाटतं हे विचारायला कुणीतरी हवं होतं.

फरक काय पडला? हॅड्सवर चिंतेचं माप खाली आलं, अजून पूर्ण सामान्य नाही. रोझेनबर्गचं ते विधान परवा पुन्हा समोर आलं. मी 'असहमत' वर खूण केली, 'पूर्ण असहमत' वर नाही. थकवा आहे तितकाच आहे. पण थकल्याबद्दल स्वतःला जे ऐकवत बसायचे, त्यात जाणारी ताकद वाचली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. शाळेतला पहिला तास मी बदलून मागितला. मिळाला. पूर्वी मागितलाच नसता.

तुमच्या डॉक्टरांकडे अशी सोय विचारताना 'मला डिप्रेशन आहे का' इथून सुरुवात करू नका. 'या आजारासोबत जगताना मला मानसिक आधार हवा आहे, ऑटोइम्यून आजारांची माहिती असलेल्या थेरपिस्टकडे पाठवा' असं म्हणा. पहिल्या भेटीत थेरपिस्टना विचारा, की ते तुमच्या डॉक्टरांशी बोलतील का, स्टिरॉइडचा मनावर काय परिणाम होतो हे त्यांना माहीत आहे का, आणि सकाळी उठवलंच नाही तर त्या दिवशीचं सेशन फोनवर होईल का. चालू औषधांची आणि डोस कधी बदलले त्याची यादी सोबत न्या. ती यादी बघायला त्यांनी हात पुढे केला, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊनच बाहेर पडा.